सवलतीतला 'चा' कुठे गेला?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंब्याचा हंगाम तोंडावर आला, की रत्नागिरीपासून देवगडपर्यंतच्या पेंटरांना आणि फ्लेक्सवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. पेट्यांच्या भावाच्या पाट्या, होमस्टेचे फलक, तारकर्लीतल्या स्कूबाची दरपत्रके, देवस्थानांच्या भक्तनिवासातल्या सूचना. मराठी ओळीखाली इंग्रजी ओळ हवीच, आणि त्या ओळीत एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे 'अव्हेल'. 'अव्हेल टेन पर्सेंट डिस्काउंट ऑन टू बॉक्सेस', 'एसी रूम्स कॅन बी अव्हेल्ड', 'अव्हेल द बेनिफिट ऑफ अवर वीकडे ऑफर'. तिन्ही वाक्ये आपल्याकडे सगळ्यांना कळतात, गिऱ्हाईकही येते. तरी प्रमाण इंग्रजीच्या व्याकरणात तिन्ही बसत नाहीत, आणि न बसण्याची कारणे तिघांची वेगळी आहेत. वर्गात या शब्दाखाली लाल रेघ पडते, पण का पडली हे सहसा सांगितले जात नाही. म्हणून तो पुढच्या पाटीवर पुन्हा उगवतो.

गोंधळाचे मूळ असे, की 'अव्हेल'चा अर्थ आपण 'घेणे' किंवा 'मिळवणे' असा धरून चाललो आहोत. तो तसा नाही. लॅटिनमध्ये 'व्हालेरे' हे क्रियापद आहे. बळकट असणे, मोल असणे हा त्याचा अर्थ. जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत उतरला. 'व्हॅल्यू', 'व्हॅलिड', 'प्रिव्हेल', 'इक्विव्हॅलंट' आणि रसायनशास्त्रातली 'व्हॅलन्सी' ही सगळी याच घरातली भावंडे. इंग्रजीत 'अव्हेल'चा मूळ अर्थ 'कामी येणे, उपयोगी पडणे' हा. 'हिज एक्स्क्यूझेस अव्हेल्ड हिम नथिंग' म्हणजे त्याच्या सबबी त्याच्या काही कामी आल्या नाहीत. मालवणीत 'तां माका कामाक येवक नाय' म्हणतात, नेमका तोच भाव. या वाक्याची रचना नीट पाहावी. कर्त्याच्या जागी सबबी आहेत. ज्याच्या कामी त्या यायच्या, तो माणूस कर्माच्या जागी, 'हिम' म्हणून आला आहे.

आता हेच क्रियापद माणसाला कर्ता करून वापरायचे, तर त्या माणसाने एखादी गोष्ट स्वतःच्या कामी आणायची. म्हणून इंग्रजीत रचना होते ती 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ द डिस्काउंट' अशी. 'युवरसेल्फ' सांगतो कुणाच्या कामी, आणि 'ऑफ' सांगतो कशाचा उपयोग. हे दोन्ही शब्द गाळून नुसते 'अव्हेल द डिस्काउंट' लिहिले, तर कर्माच्या जागी सवलत जाऊन बसते. ज्याच्या कामी यायचे, ती आता सवलतच! मूळ अर्थाला धरून त्या पाटीचे मराठी केले तर ते 'गिऱ्हाईका, तू सवलतीच्या कामी ये' असे होईल. आंबेवाल्याला अर्थातच हे म्हणायचे नसते. (निदान उघडपणे तरी नाही.)

या चुकीचे खापर मातृभाषेवर फोडायची आपल्याकडे सवय आहे. 'मराठीत विचार करून इंग्रजी लिहितात, म्हणून असे होते' हे ठरलेले वाक्य. इथे ते अजिबात लागू नाही, कारण मराठी वाक्यात हे दोन्ही भाग शाबूत आहेत. 'सवलतीचा लाभ घ्या' यातला 'चा' म्हणजेच 'ऑफ'. आणि 'युवरसेल्फ' कुठे आहे? तो 'घ्या'मध्ये आहे. आपण 'आंबे उतरवून घे' म्हणतो आणि 'आंबे उतरवून दे' म्हणतो. काम तेच, पण पहिल्यात फायदा उतरवणाऱ्याचा, दुसऱ्यात दुसऱ्याचा. 'समजून घे' आणि 'समजावून दे', 'करून घे' आणि 'करून दे', सगळीकडे हाच हिशेब. 'घेणे' हे क्रियापद स्वतःकडे वळलेले आहे, म्हणून मराठीला वेगळा 'स्वतःला' लागत नाही. इंग्रजीत ती सोय नाही. तिथे तो शब्द उघड लिहावा लागतो.

'सवलत लाभ घ्या' अशी पाटी कोकणात कुणी लावणार नाही, पहिलीतले पोरही हसेल. इंग्रजी कानाला 'अव्हेल द डिस्काउंट' तसेच खटकते. मग मराठीत न होणारी चूक इंग्रजीत का होते? कारण 'अव्हेल' लिहिताना डोक्यात 'लाभ घ्या' नसून 'मिळवा' असते. 'सवलत मिळवा', सरळ कर्म, मध्ये 'चा' नाही. 'मिळवा'च्या साच्यात 'अव्हेल' ओतला, की 'चा'ही गळतो आणि 'घे'ही. यातून एक कामचलाऊ पट्टी मिळते. मराठी ओळीत 'मिळवा' असेल तर इंग्रजीत 'गेट' लिहावे. 'चा लाभ घ्या' असेल आणि तोच औपचारिक सूर ठेवायचा असेल, तरच 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ' लिहावे. एकाचा साचा दुसऱ्याला लावू नये.

'सेल्फ'चे रूप कर्त्याप्रमाणे बदलते, आणि अर्धवट माहिती असलेला इथे पुन्हा घसरतो. मी असेन तर 'मायसेल्फ', आम्ही असू तर 'अवरसेल्व्ह्ज'. एका गिऱ्हाइकाला उद्देशून 'युवरसेल्फ', पण पर्यटकांचा जथा समोर असेल तर 'युवरसेल्व्ह्ज'. तो असेल तर 'हिमसेल्फ', ती असेल तर 'हरसेल्फ', ते असतील तर 'देमसेल्व्ह्ज', आणि एखादी सहकारी सोसायटी किंवा कंपनी कर्ता असेल तर 'इटसेल्फ'. नेहमी दिसणारी चूक म्हणजे 'गेस्ट्स मे अव्हेल युवरसेल्फ ऑफ'. कर्ता 'गेस्ट्स' आहे, तिथे 'देमसेल्व्ह्ज' हवे. 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ह्ज' ही रूपे प्रमाण इंग्रजीत नाहीत.

'ऑफ'ची एक वेगळीच अडचण आहे, आणि ती देवनागरीतून येते. इंग्रजीतले दोन निराळे शब्द आपण एकाच अक्षरांनी लिहितो. 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ' यातल्या 'ऑफ'ला एकच 'एफ', आणि त्याचा उच्चार खरे तर 'ऑव्ह'च्या जवळ जातो. 'टेन पर्सेंट ऑफ' यातल्या 'ऑफ'ला दोन 'एफ', उच्चार स्पष्ट 'फ'चा. पेंटरला देवनागरीत लिहून दिले, की तो मनाला येईल तो लावतो. एक 'एफ' पडला तर सूट नाहीशी होऊन 'दहा टक्क्यांचा' एवढेच उरते, आणि कशाचा ते कळत नाही. उलट बाजूला 'अव्हेल युवरसेल्फ'पुढे दोन 'एफ' आले तर ओळ निरर्थक. म्हणून पाटीचा इंग्रजी मजकूर देवनागरीत किंवा फोनवरून सांगू नये. रोमन अक्षरांत छापून द्यावा आणि रंग लागण्याआधी खडूच्या खुणेवर एकदा वाचून घ्यावा.

दुसऱ्या पाटीकडे वळू, 'एसी रूम्स कॅन बी अव्हेल्ड'. इथे कर्मणी प्रयोग केला आहे. कर्मणी प्रयोगात कर्म पुढे येऊन कर्त्याची जागा घेते. पण 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ द रूम' यात 'रूम' हे कर्म नाहीच, ती 'ऑफ'च्या मागे बांधलेली आहे. कर्म आहे 'युवरसेल्फ'. मग पुढे आणायचे कुणाला? मराठीतही 'सवलतीचा लाभ घेतला गेला' असेच होते. पुढे येतो तो 'लाभ', आणि 'सवलत' आपली 'चा' लावून जागच्या जागी बसते. 'सवलत लाभ घेतली गेली' असे आपण म्हणत नाही. सरकारी इंग्रजीत 'कॅन बी अव्हेल्ड ऑफ' असा मध्यममार्ग दिसतो. तोही अवघडलेलाच वाटतो. खोल्या मिळतात एवढेच सांगायचे असेल तर 'एसी रूम्स अव्हेलेबल' पुरे. 'अव्हेलेबल' हे विशेषण आहे, त्याला 'सेल्फ' नको, 'ऑफ' नको. फक्त त्याच्या शेवटी 'ए-बी-एल-ई' येते, 'आय-बी-एल-ई' नव्हे. आणि जागा वाचवायला 'रूम्स अव्हेल' असे तोडू नये. ते संक्षिप्त रूप नाही, क्रियापद होते.

तिसरी पाटी 'अव्हेल द बेनिफिट ऑफ' ही. हिच्यात 'ऑफ' आहे म्हणून अनेकांना ती बरोबर वाटते. पण तो 'ऑफ' 'बेनिफिट'चा आहे, 'अव्हेल'चा नाही. शिवाय 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ' या रचनेतच लाभ आलेला आहे. त्यात पुन्हा 'बेनिफिट' घातला की 'लाभाचा लाभ घ्या' असे होते. पिवळा पीतांबर आणि गाईचे गोमूत्र या जोड्यांवर आपण मराठीच्या तासाला हसतो, त्याच जातीचे हे प्रकरण. सरकारी पत्रकाचे भाषांतर करताना ही चूक सर्वांत जास्त होते, कारण मूळ मराठीत 'लाभ' हा शब्द दिसतो आणि त्याला इंग्रजीत वेगळा शब्द द्यावा असे भाषांतरकाराला वाटते. 'लाभ' आणि 'घ्यावा' हे दोन मिळून एकच क्रिया सांगतात. त्यांचे भाषांतरही एकत्रच करावे.

व्याकरण सुटले तरी औचित्य उरतेच. 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ' हा भारदस्त प्रयोग आहे. मराठीत 'ग्रहण करणे' जसे. 'पाहुण्यांनी भोजन ग्रहण करावे' हे लग्नपत्रिकेत शोभते, खानावळीच्या पाटीवर 'सुरमई थाळी ग्रहण करा' लिहिले तर गिऱ्हाईक बिचकेल. संधी, सवलत, सुविधा, सेवा, रजा, मदत अशा गोष्टींना हा प्रयोग लागतो. खाण्यापिण्याच्या जिनसांना आणि विकत घ्यायच्या वस्तूंना तो लावू नये. थाळीला 'ट्राय' किंवा 'ऑर्डर', आंब्याला 'बाय', बोटीला 'बुक', खोलीला 'बुक' किंवा 'स्टे इन', वाचनालयाला 'यूज'. प्रत्येकाला त्याचे साधे क्रियापद इंग्रजीत आहे.

आता 'टेक ॲडव्हान्टेज ऑफ'. 'अव्हेल' नको म्हटले की अनेक जण याच्याकडे वळतात, आणि तिथे जास्त खोल पाणी आहे. मागे वस्तू किंवा संधी असेल तर अर्थ चांगला. 'टेक ॲडव्हान्टेज ऑफ द लो टाइड' म्हणजे ओहोटीचा फायदा घ्या. मागे माणूस आला, की अर्थ उलटतो आणि तो 'गैरफायदा घेणे' होतो. 'टेक ॲडव्हान्टेज ऑफ अवर बोटमेन' हे वाक्य मालकाने कितीही आपुलकीने लिहिले, तरी वाचणारा ते 'आमच्या खलाशांना लुबाडा' असेच वाचेल. 'स्टाफ', 'गाइड', 'हाउसकीपिंग गर्ल्स' या शब्दांपुढे हा प्रयोग चुकूनही नको. शेवटच्याला तर लैंगिक शोषणाचा अर्थ चिकटतो. मराठीतही 'योजनेचा फायदा घेतला' आणि 'तिच्या भोळेपणाचा फायदा घेतला' यांत हा फरक आहेच, पण मराठीला 'गैर' जोडून तो उघड करता येतो. इंग्रजीत जोडायला तसे काही नाही, मागचा शब्दच अर्थ ठरवतो. माणसाची सेवा घ्या असे सांगायचे असेल, तर माणसाऐवजी सेवेचे नाव घ्यावे. 'यूज अवर गाइड सर्व्हिस' किंवा त्याहून बरे, 'आस्क अवर गाइड्स'.

'बेनिफिट' सोपा आहे. योजना कर्ता असेल तर 'द स्कीम बेनिफिट्स फार्मर्स', शेतकरी कर्ता असेल तर 'फार्मर्स बेनिफिट फ्रॉम द स्कीम'. दुसऱ्यात 'फ्रॉम' विसरू नये, एवढेच. भूतकाळी रूपात एक 'टी' पुरतो, दोन 'टी'ही काही ठिकाणी चालतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एक फलक जवळून पाहू. गुहागर-वेळणेश्वर भागातल्या घरगुती निवासाच्या फलकावर असतो तसा हा मजकूर: 'अव्हेल होमली स्टे ॲण्ड मालवणी फूड. अव्हेल १५ पर्सेंट डिस्काउंट मंडे टू थर्सडे. हॉट वॉटर कॅन बी अव्हेल्ड टिल १० एएम.' तीन वाक्ये, तीन 'अव्हेल', एकही गरजेचा नाही. पहिल्यात विकायची गोष्ट सांगायची आहे. क्रियापदच नको, 'होमस्टे. मालवणी मील्स.' एवढे बास. 'होमली' तर काढायलाच हवे, कारण ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ घरगुती असला तरी अमेरिकन इंग्रजीत माणसाबद्दल तो 'दिसायला बेताचा' असा लागतो. दुसऱ्यात '१५ पर्सेंट ऑफ, मंडे टू थर्सडे', 'ऑफ'ला दोन 'एफ'. तिसऱ्यात 'हॉट वॉटर टिल १० एएम'. फलकाची रुंदी ठरलेली असते. 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ' याला रोमन लिपीत १५ अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा लागतात, 'गेट'ला ३ अक्षरे. लांब क्रियापद कोंबले की अक्षराची उंची कमी करावी लागते. फलकाच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा, की १ इंच उंचीचे अक्षर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येते. चालत्या गाडीतल्या माणसाला ३ इंची अक्षर २ इंची करून दाखवले, तर व्याकरण बरोबर असूनही तो वळण चुकून पुढे जाईल.

एसटीच्या सवलतींची माहिती पर्यटकांसाठी इंग्रजीत लावायची वेळ अनेक हॉटेलांवर येते. महिलांना २०२३ पासून सरसकट निम्मे भाडे आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. 'विमेन पॅसेंजर्स कॅन अव्हेल ५० पर्सेंट कन्सेशन इन टिकिट फेअर' असे लांबलचक लिहिण्याऐवजी 'विमेन पे हाफ फेअर' हे चार शब्द काम करतात. 'पीपल ओव्हर ७५ ट्रॅव्हल फ्री.' सवलत हा शब्दही आला नाही आणि सवलत मात्र कळली. भाव किंवा सवलत सांगताना आकडा आणि क्रिया सरळ सांगितली, की 'अव्हेल'ला शिरायला फटच राहत नाही. किसान सन्मान निधीचेही तसेच. 'अव्हेल द बेनिफिट ऑफ ६००० रुपीज' नको. 'एलिजिबल फार्मर्स गेट ६००० रुपीज अ इयर, इन थ्री इन्स्टॉलमेंट्स' लिहावे.

रजेच्या अर्जात 'आय वॉन्ट टू अव्हेल थ्री डेज लीव्ह' हे वाक्य इतके घट्ट बसले आहे, की ते कार्यालयाच्या भिंतीचा भाग झाले आहे. 'आय वुड लाइक टू टेक लीव्ह फ्रॉम ४ टू ६ मे' असे तारखांसह लिहावे. 'थ्री डेज लीव्ह' ठेवायचेच असेल तर वरचे स्वल्पचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) 'डेज'मधल्या 'एस'च्या नंतर येते. मराठी कार्यालयीन भाषेने इथे चांगला शब्द घडवला आहे, 'उपभोगलेली रजा'. इंग्रजी छापील नमुन्यात 'लीव्ह अव्हेल्ड' असा रकाना असतो, तो मात्र खोडत बसू नये. रकान्याचे नाव ही खूण असते, आपण फक्त आकडा भरायचा.

नाम म्हणून 'अव्हेल' फक्त ठरलेल्या जोड्यांत येतो. 'टु नो अव्हेल', 'ऑफ नो अव्हेल', 'टु लिटल अव्हेल'. सगळ्यांचा अर्थ व्यर्थ किंवा जवळजवळ व्यर्थ, आपल्या 'पालथ्या घड्यावर पाणी'च्या वळणाचा. इथे 'सेल्फ'चा संबंध नाही. उच्चाराबद्दलही एक. जोर दुसऱ्या अवयवावर, आणि 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकायला हवेत. ओठांचा चंबू केला तर ऐकणाऱ्याला 'अ व्हेल', म्हणजे एक देवमासा, ऐकू येतो. मराठीत दोन्ही 'व्ह'नेच लिहितो, त्यामुळे हा फरक कागदावर दिसत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने तरी तो पाळावा.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना हा प्रयोग गुण मिळवून देतो किंवा घालवतो, म्हणून त्यांच्यासाठी थोडे नेमके. 'ही / अव्हेल्ड ऑफ / द ऑपॉर्च्युनिटी / नो एरर' अशा चार तुकड्यांतून चुकीचा तुकडा ओळखायचा प्रश्न जुना आणि पुन्हा पुन्हा येणारा आहे. उत्तर दुसरा तुकडा, कारण 'हिमसेल्फ' नाही. मुले फसतात ती 'ऑफ' दिसल्यामुळे. अर्धी चूक दुरुस्त दिसली की डोळा पुढे सरकतो. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर स्तरावरच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीला ०.५० वजा, म्हणजे एका 'हिमसेल्फ'ची किंमत अडीच गुण. 'अव्हेल' दिसला की दोन गोष्टी तपासायच्या, त्याच्यानंतर 'सेल्फ' आहे का आणि 'सेल्फ'नंतर 'ऑफ' आहे का. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी चूक तिथेच. दोन्ही असतील तर मग 'सेल्फ'चे रूप कर्त्याशी जुळते का पाहावे, कारण चूक तिथे लपवलेली असू शकते. 'टु नो अव्हेल' आणि 'अव्हेल्ड हिम नथिंग' हे दोन अपवाद ओळखीचे असले की झाले.

एवढे सगळे लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 'सेल्फ' गाळून नुसते 'अव्हेल ऑफ' म्हणणे भारतापुरते नाही. आयर्लंडमध्ये ते रोज वापरतात, फिलिपीन्समध्येही. भारतात तर 'ऑफ'ही गाळलेला 'अव्हेल' बँकेच्या पत्रांत, विम्याच्या कागदांत, सरकारी आदेशांत बसला आहे. कोटींच्या संख्येने माणसे जे बिनदिक्कत वापरतात आणि एकमेकांना समजते, त्याला भाषा म्हणतात, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून आपल्यातल्या आपल्यात कुणी 'अव्हेल' म्हटले तर त्याची जाहीर शोभा करू नये. पण परीक्षेचा पेपर, परदेशी विद्यापीठाचा अर्ज, आंब्याच्या निर्यातदाराचे लंडन-न्यूयॉर्कला जाणारे पत्र आणि परदेशी पाहुण्यांसाठीचा फलक या चार ठिकाणी वाचणारा आपल्या घरातला नसतो.

आणि एक ठिकाण असे आहे, जिथे 'अव्हेल' हा शब्द मुळीच बदलू नये. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातला. आंबा प्रक्रिया करणारे, नोंदणी असलेले हॉटेलवाले आणि त्यांची पत्रे इंग्रजीत लिहून देणारे यांनी हे जपावे. २०१७च्या केंद्रीय कायद्यात दोन्ही रूपे सापडतात. कलम १६मध्ये 'अव्हेल ऑफ द क्रेडिट' आहे, तर कलम ७३ आणि ७४मध्ये 'राँगली अव्हेल्ड ऑर युटिलाइज्ड'. व्याकरणाचा एकच न्याय कायद्याने लावलेला नाही, पण अर्थाचा लावला आहे. इथे 'अव्हेल्ड' आणि 'युटिलाइज्ड' हे दोन वेगळे टप्पे आहेत. खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट आपल्या खात्यात घेतले, म्हणजे ते 'अव्हेल' झाले. ते क्रेडिट वापरून पुढचा कर भागवला, म्हणजे ते 'युटिलाइज' झाले. घेतलेले क्रेडिट खात्यात तसेच पडून असू शकते. कलम ५०च्या तिसऱ्या पोटकलमात व्याज लागते ते क्रेडिट चुकीने 'अव्हेल्ड ॲण्ड युटिलाइज्ड' झाले असेल तर, आणि हा 'ॲण्ड' २०२२च्या वित्त कायद्याने १ जुलै २०१७पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने आलेला आहे. वार्षिक विवरणपत्रातही 'आयटीसी अव्हेल्ड' असाच रकाना आहे ('आयटीसी' म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, हेच ते क्रेडिट).

समजा, कर खात्याच्या नोटिशीच्या उत्तरात कुणी इंग्रजी सुधारण्याच्या भरात 'अव्हेल्ड' खोडून 'यूज्ड' लिहिले. वाक्य वाचायला छान होईल. पण क्रेडिट फक्त घेतले होते, वापरले नव्हते, ही आपली बाजू असेल, तर त्या एका शब्दाने ते वापरल्याची कबुली कागदावर जाईल आणि व्याजाचा प्रश्न उभा राहील. म्हणून अशा उत्तरात कायद्यातला शब्द जसाच्या तसा उचलावा. 'अव्हेल्ड बट नॉट युटिलाइज्ड' असे स्पष्ट लिहावे आणि क्रेडिट खात्यातली शिल्लक कोणत्या तारखांना किती होती, याचा उतारा सोबत जोडावा. त्या ओळीत 'सेल्फ' शोधायला जाऊ नये.

आपले,
इंग्रजी शिकवणारे आणि फलक-पत्रकांचे भाषांतर करणारे काही वाचक,
रत्नागिरी व मालवण